बाभळीवरचे हात

नव्या माणसाशी ओळख करून घ्यायची मिस्त्रीकाकांची स्वतःची एक पद्धत होती. आधी "सलाम" म्हणायचे, मग समोरच्याचा हात हातात घ्यायचे आणि तो सोडायचंच विसरायचे. हात उलटा करायचे, सुलटा करायचे, बोटं सरळ करून बघायचे आणि म्हणायचे, "सव्वासात." इंच. एवढं झालं की त्यांच्या लेखी ओळख पक्की. चेहऱ्याकडे बघायची त्यांना फारशी गरज वाटत नसे. माझ्या वडिलांना त्यांनी कित्येक महिने रस्त्यात ओळख दिली नव्हती. मग एक दिवस सायकलच्या हँडलवरचा वडिलांचा हात त्यांना दिसला आणि भर रस्त्यात हाक आली, "अहो साडेसात, आज फर्स्ट शिफ्ट का?"

पुण्याजवळच्या कासारवाडीला रुळांच्या कडेला आमची दहा खोल्यांची बैठी चाळ होती. आम्ही चार नंबरमध्ये, ते शेवटच्या दहा नंबरमध्ये, एकटे. मोठी माणसं त्यांना मिस्त्री म्हणत आणि आम्ही पोरं मिस्त्रीकाका. खरं नाव पोस्टमनला ठाऊक असायला हवं, पण त्यांना कधी पत्र येत नसे, त्यामुळे त्यालाही ते ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

ते एका कारखान्याच्या फाउंड्रीत पॅटर्न करायचे. म्हणजे जो भाग लोखंडात ओतायचा तो आधी हुबेहूब लाकडात करायचा, वाळूत दाबून त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. बीड गार होताना आकसतं. म्हणून लाकडाचा नमुना फुटामागे एक सूत मोठा ठेवावा लागतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे सगळं मी सहा वर्षांची असताना त्यांनी मला ओट्यावर बसवून समजावलं होतं, आणि वर सांगितलं होतं, "गार झालं की सगळंच आकसतं, बाळ. आधीच सूट धरून ठेवावी."

ही सूट त्यांनी कारखान्यातून घरी आणली होती. चपला एक नंबर मोठ्या घ्यायचे, आणि त्या फटक फटक वाजवत दिवसभर हिंडायचे. लोकल आठची असली तर सातला जाऊन फलाटावर बसायचे. एकट्यापुरता चहा करायचा तर दोन कप आधण ठेवायचे, आणि दुसरा कप कुणी आलंच नाही तर ओट्याच्या कडेला तसाच ठेवून द्यायचे. आमची आई म्हणायची, "या माणसाच्या घरी रोज कुणीतरी यायचं राहून जातं." आई हे थट्टेनं म्हणायची. त्यातलं खरं आम्हाला उशिरा कळलं.

आता आठवू गेलं की ते मला नेहमी हिवाळ्यातल्या सकाळीच दिसतात. पवना नदीकडून धुकं वर यायचं, रूळ त्यात थोडे पुढे जाऊन नाहीसे व्हायचे, आणि ते ओट्यावर उभे राहून त्या नाहीशा होण्याच्या जागेकडे बघत असायचे. भुवयांत लाकडाचा भुसा, कानामागे पेन्सिल, हातातला चहा गार. हाक मारली तरी ऐकू जायची नाही. मग धुक्यातून गाडी बाहेर पडायची, चाळीच्या कौलांची खडखड व्हायची आणि ते दचकून म्हणायचे, "अरे, शाळेत नाही गेलात अजून?" रविवार असला तरी.

डिसेंबर लागला की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. कारखान्यात परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्या खोक्यांचं पांढरं लाकूड ते गेटपास करून घरी आणायचे. त्या लाकडाला असा वास होता की आम्ही फळ्यांना नाक लावून बसायचो. तो वास कुठल्यातरी थंड देशातल्या जंगलाचा आहे, असं ते सांगायचे. आम्ही डोळे मिटून घ्यायचो आणि आम्हाला ते जंगल दिसायचं. मला तर त्यात एक हरीणही दिसायचं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

नाताळच्या झाडाला सुरूची फांदी लागते, असं कुणीतरी त्यांना एकदा सांगून पाहिलं होतं. त्यांनी ते मुकाट ऐकून घेतलं आणि बाभळीची फांदी तोडून आणली. तिला चुना फासून पांढरी केली आणि फाउंड्रीच्या काळ्या वाळूनं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात रोवून ओट्यावर उभी केली. चाळीच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे आत्याबाई म्हणत, त्या मूळच्या गावातल्या. त्यांनी कपाळावर हात मारला.

"आवं मिस्त्री, बाभळीला कुनी चुना लावतं व्हय? काटं हायेत तिला!"

"काटे आहेत म्हणूनच आणली, आत्याबाई. टांगायला खिळे मारायला नकोत."

"पोरांच्या डोळ्यांत जात्याल की."

"पोरं खाली, काटे वर. डब्याखाली अजून एक डबा ठेवतो."

सूट धरलीच.

मग एका रविवारी, देवळातली, म्हणजे त्यांच्या चर्चमधली, उपासना आटोपून ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात परत आले की, चाळीतली पोरं ओट्यावर रांगेनं बसायची. एकेकाचा हात ते पातळ फळीवर ठेवायचे आणि भोवतीनं पेन्सिल फिरवायचे. बोटांच्या बेचक्यात पेन्सिल शिरली की गुदगुल्या व्हायच्या. हललं तर परत पहिल्यापासून. बारीक करवतीनं ते हात कापून द्यायचे आणि पुढचं काम आमचं. पॉलिश पेपरनं घासून घासून तो गालावर फिरवता येईल इतका गुळगुळीत करायचा. पॅटर्नला लावून उरलेला लाल किंवा पिवळा रंग तळव्यावर लावायचा. तो वाळला की त्यावर आपलं नाव आपल्या अक्षरात. मनगटाशी भोक, भोकात सुतळी, आणि हात बाभळीवर.

पण खरी गंमत मागच्या बाजूला होती. मागे ते लिहायचे, आणि लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारायचे, "या वर्षी या हातानं काय केलं?"

खरंच केलेलं असायला हवं. फार मोठं नको. एकीच्या हातामागे लिहिलं होतं, 'या हाताने भावाला मारले, मग गोंजारले.' दुसऱ्याच्या, 'या हाताने बाबांचा डबा गेटपर्यंत नेला.' पहिल्या वर्षी मी ठोकून दिलं की माझ्या हातानं लंगड्या कुत्र्याला भाकरी घातली. त्यांनी माझा हात उलटासुलटा केला.

"कधी?"

मी हात सोडवून घ्यायला लागले.

"बरं. आज घाल. मी उद्या लिहितो."

मी घरी जाऊन भाकरी आणली आणि ते लंगडं कुत्रं शोधत पार फाटकापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं. तो हात टांगताना मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की त्या कुत्र्याला मी पुढे कितीतरी दिवस रोज भाकरी घातली.

वैशाखातली पौर्णिमा आमची, भाद्रपदातला गणपती आत्याबाईंचा, तसा हा नाताळ मिस्त्रीकाकांचा. पण हात सगळ्यांचे. लोणावळ्याची लोकल गेली की चाळ हादरायची आणि बाभळीवरचे हात एकमेकांवर आपटून टाळ्या वाजवायचे. सुट्टीत दुपारी आईच्या कुशीत पडल्या पडल्या मी त्या टाळ्या ऐकायचे. आधी गाडीचा धडधडाट, मग तो लांब लांब जायचा, आणि तो गेल्यावरही थोडा वेळ टाळ्या चालू असायच्या. त्या टाळ्या माझ्यासाठीच आहेत अशा समजुतीत मी झोपून जायचे.

एक गोष्ट मात्र मला सलायची. सगळ्यात वरच्या काट्यावर दरवर्षी सगळ्यांच्या आधी एक हात लागलेला असायचा. लाल तळवा, त्यावर त्यांच्याच अक्षरात 'करुणा'. मागची बाजू कोरी. करुणा त्यांची मुलगी. ती कधी रांगेत बसली नाही, तिनं कधी पॉलिश पेपर हातात धरला नाही, आणि जागा तिची सगळ्यांत वरची.

तिची हकिगत आत्याबाईंनी एकदा आमच्या आईला सांगितली. दोघी तांदूळ निवडत होत्या आणि मी पाटीवर चित्र काढण्याचं सोंग करत होते.

"लेक दोन वर्साची व्हती बग. नाताळाला घरी येतो म्हनून ह्यानं बायकूला कळवलं व्हतं. त्याच वक्ताला कंपनीत घाईचं काम निघालं. सायेब म्हनला थांब, ह्यो थांबला. तिकडं पोरीला ताप चढला. बायकूनं एकलीनं उचलून दवाखान्यात नेली. पोर वाचली. पर बायकूचं मन काय परत आलं न्हाई."

बायको नगरकडच्या एका गावात शाळामास्तरीण होती. तिनं एकच चिठ्ठी धाडली होती, 'तुम्हाला लाकडाचीच पोरं बरी.' ते समजूत घालायला गेले तेव्हा मेहुण्यानं दारातूनच परत पाठवलं. मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा ते पुन्हा गेले आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणापाशी तिला भेटले. खिशात कारखान्याच्या ड्रॉइंगचा कागद होता. त्याच्या पाठीवर तिचा हात ठेवून त्यांनी पेन्सिल फिरवली, तेवढ्यात घंटा झाली आणि ती पळाली. तो कागद दहा नंबरच्या भिंतीवर चार टाचण्यांनी लावलेला होता.

त्या कागदावरून ते दरवर्षी तिचा हात करायचे. वाढता. चाळीतल्या पोरांचे हात वर्षाला साधारण दोन सूत वाढतात, हे त्यांनी आमच्यावरूनच काढलं होतं. मी करुणापेक्षा तीन वर्षांनी लहान. माझा हात घेऊन ते मनाशी हिशेब करायचे, "तुझा इतका, म्हणजे तिचा..." आणि त्यांची नजर रुळांकडे जायची. दर डिसेंबरात ते तिला पत्र टाकायचे. आत्याबाई म्हणायच्या, "न्हाई बोलावलं तरी जावा की एकदा." ते म्हणायचे, "पत्र आलं की जातो." पत्र येत नव्हतं. आणि मागे काय लिहिणार? त्या हातानं काय केलं, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

हे सगळं कळत असूनही मला तिचा राग यायचा. लहान मुलं निष्पाप असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी मी नऊ वर्षांची असताना मला बघायला हवं होतं. त्या वर्षी एका दुपारी ओट्यावर कुणी नव्हतं. मी स्टूल आणलं, वरचा हात उलटा केला आणि माझ्या पेन्सिलीनं दाबून दाबून लिहिलं, 'या हाताने काहीच केले नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायरीवर बसून तो हात घासत होते. मी दारामागून बघत होते. पेन्सिल लाकडात खोल गेली होती, निघता निघत नव्हती. बराच वेळ झाला आणि त्यांनी मलाच हाक मारली.

"बाळ, जरा फुंकर मार गं. भुसा डोळ्यांत जातोय."

मी गेले आणि फुंकर मारली. अक्षरं गेली होती, पण लाकूड तिथं वाटीसारखं खोलगट झालं होतं. माझं अक्षर त्यांना चार वर्षांपासून ठाऊक होतं. त्यांचे डोळे भुशानं लाल झाले होते, की कशानं, ते मी विचारलं नाही. मला तिथंच मरून जावंसं वाटलं. पण मी काही बोलले नाही, आणि तेही कधी बोलले नाहीत.

मी अकरा वर्षांची असतानाचा रविवार. धुकं अजून उठलं नव्हतं. आम्ही रांगेत होतो आणि माझा नंबर शेवटचा होता. तेवढ्यात रुळांकडच्या बाजूनं एक मुलगी आली. दोन वेण्या, निळा स्वेटर, छातीशी धरलेली कापडी पिशवी. बराच वेळ ती बाभळीकडे बघत उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "हे काय चाललंय?"

"हात काढतायत. तुला पाहिजे का? बस माझ्यामागं."

ती बसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी आपली फळीचा वास घेण्यात दंग.

माझा हात झाला. मिस्त्रीकाकांनी मान वर न करता पुढचा हात ओढून घेतला. उलटा केला, सुलटा केला, बोटं सरळ केली.

"पावणेसात. नवीन आहेस. कुणाकडं आलीस?"

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. त्यांनी हात फळीवर ठेवला. पेन्सिल अंगठ्यावरून निघाली, बेचक्यात उतरली, वर चढली. ती खालचा ओठ चावून बसली होती. ती हलली नाही, तिला गुदगुल्याही झाल्या नाहीत.

"नाव सांग, बाळ."

"करुणा."

ते हसले, नजर फळीवरच. "चांगलं नाव. आमच्याकडं पण एक आहे. ती बघ, सगळ्यात वरची. साडेसात."

तिनं वर पाहिलं. "एवढा मोठा?"

"चौदाची झाली ना ती आता."

"मी पण चौदाचीच आहे," ती म्हणाली. "जूनपासून पुण्यात बोर्डिंगला आहे. नगरहून आलेय."

तेव्हा त्यांनी मान वर केली. त्यांनी एखाद्याचा चेहरा नीट, सगळाच्या सगळा बघितलेला मी त्या एकाच वेळी पाहिला. सगळ्या चाळीला हातावरून ओळखणारा माणूस, आणि स्वतःच्या मुलीचा हात हातात घेऊन तिला विचारत होता, कुणाकडं आलीस. कारण त्यांच्या मनात ती साडेसातची होती.

ते स्टुलावर चढले. वरचा हात काढून आणला आणि तिचा हात त्याच्यावर ठेवला. बोटांच्या पुढे लाकूड उरत होतं. ते पुटपुटत हिशेब करायला लागले.

"दोन सूत वाढीचे, वर्षाला. ते बरोबर आहे. आणि एक... एक आकसण्याचं धरत गेलो मी. बिडाला धरतो तसं. दरसाल एक. सहा वर्षं, सहा सूत." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई, माझं माप चुकलं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

ती म्हणाली, "मला वाटायचं, तुमच्या मनात मी तेवढीच असेन. कुंपणापाशी होते तेवढी. तुम्ही तर मला मोठी करून ठेवलीत."

ते आत गेले आणि ट्रंकेतून बाकीचे पाच हात घेऊन आले. दरवर्षीचा एक. सहाव्यासकट सगळे ओट्यावर क्रमानं मांडले. तिनं एकेक उलटून पाहिला.

"मागं काही लिहिलं नाहीत?"

"मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

तिनं पेन्सिल मागितली. त्यांची पेन्सिल घरंगळत कुठे गेली होती कोण जाणे, आणि शोधायची त्यांना शुद्ध नव्हती. मी माझी पुढे केली. मग ती मांडी घालून बसली आणि सावकाश लिहायला लागली. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. नवव्या वर्षाच्या हातामागे: 'या हाताने पप्पांचे पत्र गादीखाली ठेवले.' दहाव्याच्या: 'या हाताने आईचे डोके चेपले.' अकराव्याच्या: 'या हाताने उत्तर लिहिले. टाकले नाही.'

बाराव्याचा तिनं उचलला आणि तिचा अंगठा थांबला. तो पुन्हा पुन्हा त्या खोलगट जागेवरून फिरला. माझ्या कानांत लोकल आल्यासारखा धडधडाट व्हायला लागला. मला वाटलं आता सगळं संपलं. ती उठून जाईल, आणि ते माझ्यामुळे.

"पप्पा," ती म्हणाली. तिनं ही हाक मारली तेव्हा ते दचकले. "इथं काय झालं?"

"गाठ होती लाकडात," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "काढून टाकली."

तिनं त्या खोलगट जागेतच लिहिलं, 'परत लिहिले. परत टाकले नाही.' तेराव्यावर काय लिहिलं ते मला दिसलं नाही, कारण मला काहीच दिसत नव्हतं. सहाव्या हातामागे, त्या साडेसात इंचांच्या, तिनं लिहिलं, 'या हाताने कासारवाडीचे तिकीट काढले.' मग त्यांनी आत जाऊन चहा ठेवला, दोन कप. त्या दिवशी दुसरा कप ओट्यावर गार झाला नाही.

पुढच्या डिसेंबरात पोस्टमन चाळभर एक नाव विचारत हिंडला. कुणालाच ते ओळखू येईना, शेवटी आत्याबाईंनी दहा नंबर दाखवला. त्या नाताळाला खोलीला कुलूप होतं. बाभळीची फांदी आम्ही पोरांनीच रोवली आणि हातही आमचे आम्हीच काढले. ते वेडेवाकडे झाले, पण गाडी गेली की वाजायचे.

माझा त्या अकराव्या वर्षाचा लाकडी हात अजून माझ्याजवळ आहे. आता माझ्या तळव्यात तो आरामात मावतो. वर माझं नाव आहे. त्या वर्षी मिस्त्रीकाकांनी मला प्रश्न विचारला नाही. मी आपणहून सगळं कबूल करायचं ठरवून, शब्द जुळवून, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले होते. पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. माझा हात घेतला, उलटा केला आणि स्वतःच लिहिलं, 'या हाताने पेन्सिल दिली.'